जाणाऱ्याचं खातं, राहणाऱ्याचं कर्ज

परवाच्या रविवारी लेक आणि जावई जेवायला आले होते. दोघंही आयटीत, राहायला बाणेरला. नातू सहा वर्षांचा. जेवणं झाली, बडीशेपेची डबी फिरली, नातवानं आजीच्या कपाटातले पत्ते जमिनीवर पसरले आणि लेकीनं हळूच विषय काढला. जावयाला जर्मनीतल्या एका कंपनीत नोकरी मिळण्यासारखी आहे. अमेरिकेनं २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हापासून आमच्या कोथरुडातल्या पुष्कळ घरांत अटलांटिकच्या अलीकडच्या देशांचे नकाशे निघालेत. तसाच तो यांच्याही घरी निघाला असावा.

"बाबा, तुम्ही सदतीस वर्षं बँकेत काढलीत," ती म्हणाली. "कर्ज कुणाला द्यावं आणि कुणाला देऊ नये, हे तुम्हाला कळतं. मग खरं सांगा. या राज्याचं काही खरं आहे का? नऊ लाख कोटींचं कर्ज म्हणतात. आम्ही इथं राहावं, की निघावं?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सौ. कान देऊन ऐकत होती, हे मला न बघता कळलं. मी म्हटलं, "आठ दिवस दे." बँकेतली सवय, दुसरं काय! अर्ज आला की तोंडावर 'हो' म्हणायचं नाही आणि तोंडावर 'नाही'ही म्हणायचं नाही. कागद मागवायचे, वाचायचे, मग शेरा लिहायचा. हा लेख म्हणजे तो शेरा आहे. लेकीसाठी लिहिलेला, पण असाच प्रश्न ज्यांच्या घरी रविवारच्या जेवणानंतर निघतो, त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी कागद. मार्च २०२५ मध्ये विधिमंडळात २०२५-२६ सालचा अर्थसंकल्प मांडला गेला. तो सुमारे सात लाख कोटी रुपयांचा होता. वर्षअखेर राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा त्यात अंदाज होता. आकडा ऐकून छाती दडपते. पण बँकेतला माणूस नुसत्या कर्जाच्या आकड्याला घाबरत नाही. तो आधी विचारतो, कमाई किती? राज्याच्या एकूण उत्पन्नाशी हे कर्ज ताडून पाहिलं, तर ते शंभर रुपयांमागे एकोणीस रुपयांच्या आसपास येतं. पंजाबात हेच प्रमाण चाळीसच्या वर आहे. माणशी हिशेब केला, तर सत्तर हजारांच्या आगेमागे. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबावर साडेतीन लाख. आमच्या सोसायटीच्या वाहनतळात उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक नव्या गाडीवर याहून जास्त कर्ज आहे आणि तरी त्यांचे मालक सुखानं झोपतात! देशात सर्वांत जास्त जीएसटी गोळा होतो तो महाराष्ट्रात. एवढ्या कागदांवर माझ्यासारख्यानं प्रस्ताव मंजूर केला असता. राज्य बुडालेलं नाही. हे पहिलं उत्तर, आणि ते मी निःशंकपणे देतो.

पण प्रस्तावाला दुसरंही पान असतं, आणि मुरलेला अधिकारी तेच आधी उलटतो. कर्ज कशासाठी?

मी तरुण अधिकारी असताना, १९८८ ते १९९१ अशी तीन वर्षं बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या एका शाखेत होतो. शेतकरी कर्जाला यायचा तेव्हा अर्जावर बहुतेक 'विहीर' लिहिलेलं असायचं. खरी गरज पुष्कळदा मुलीच्या लग्नाची. विहिरीचं कर्ज वाईट नसतं. पाणी लागलं की ते स्वतःच स्वतःला फेडतं. लग्नाचं कर्जही पाप नाही. पण ते फेडायला दुसरी विहीर लागते. ज्याच्या घरी ती नसते, त्याची जमीन जाते. आपल्याकडे 'ऋण काढून सण' हा शब्दप्रयोग उगीच पडलेला नाही.

त्या दृष्टीनं हे दुसरं पान बघा. २०२५-२६ मध्ये राज्याची महसुली जमा ५ लाख ६१ हजार कोटी धरली होती आणि महसुली खर्च ६ लाख ७ हजार कोटी. तूट ४५,८९१ कोटींची. महसुली खर्च म्हणजे धरण नव्हे, रस्ता नव्हे. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं. साध्या भाषेत सांगायचं, तर वाण्याचं बिल भागवायला काढलेलं कर्ज. नुसतं व्याजच साठ हजार कोटींच्या वर. पगार, पेन्शन आणि व्याज या तिघांनी मिळून जमेतला निम्म्याहून जास्त रुपया आधीच खाल्लेला. त्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना. जुलै २०२४ पासून महिना दीड हजार रुपये, दोन कोटींहून जास्त बायकांना. तिच्यासाठी त्या वर्षी ३६ हजार कोटींची तरतूद. दुसरीकडे २०२५ मध्ये सरकारी कामं केलेल्या कंत्राटदारांना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर यावं लागलं. ज्या घरात वाण्याची उधारी थकते आणि सणाला कपडे येतात, त्या घराबद्दल शाखेतला अनुभवी शिपाईसुद्धा साहेबाला हळूच सावध करतो.

इथं कोथरूडकर मान डोलावतील आणि म्हणतील, "फुकटची खैरात!" मी त्यांच्यातला नाही. पाटोद्याला मी जे पाहिलं, ते पाहिलेल्या माणसाला दीड हजारांना खैरात म्हणवत नाही.

दसरा झाला की आमची शाखा ओस पडायची. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघायची. नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. माणसं मोजायची ती कोयत्यात. ट्रॅक्टरवर चूल, गोधडी, कोंबड्या आणि लहान पोरं. मागे म्हातारी राहायची आणि शाळेच्या हजेरीपटावर मुलांची नावं. पाडव्याच्या आसपास परत. एकदा निघण्याच्या आदल्या दिवशी एक बाई शाखेत आली. पासबुक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "साहेब, आमी येईस्तवर हे पुस्तक तुमच्यापाशीच ठिवा. घरला सासूबाई एकल्या, वरनं घर गळतंय." खात्यात शंभराच्या आत रुपये होते. ग्राहकाचं पासबुक आपल्याजवळ ठेवणं नियमात बसत नव्हतं. पण मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. पाच-सहा महिन्यांनी ती उन्हानं काळवंडून परत आली आणि पहिला प्रश्न केला, "व्याज पडलं का?"

पडलं होतं. दोन-तीन रुपये. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

सांगायचा मुद्दा असा, की राज्य सोडावं की राहावं हा प्रश्न काही कोथरूडनं शोधून काढलेला नाही. महाराष्ट्रातले लाखो लोक दरवर्षी त्याचं उत्तर पायांनी देतात, आणि त्यांना कुणी विचारायला जात नाही. आमच्यातही नवीन असं काही नाही. माझे वडील पन्नासच्या दशकात राजापूर तालुक्यातलं गाव सोडून आधी मुंबईला आणि मग पुण्याला आले. गावी मनिऑर्डर जायची. आज तिथलं घर बंद असतं, गणपतीला उघडतं. डहाणूकर कॉलनीत किंवा मयूर कॉलनीत कुठलंही दार वाजवा. आतला माणूस स्वतः नाहीतर त्याचा बाप नाहीतर आजा कुठून तरी उठून आलेला असतो. आमच्या सोसायटीचा पहारेकरी जालन्याकडचा. त्यालाही तिकडे दोन एकर आहेत. अशा वस्तीतल्या माणसानं लेकीला "माती सोडू नकोस" म्हणून व्याख्यान द्यावं, हे शोभत नाही. जाणं हा गुन्हा असेल, तर आपण सगळेच जुने गुन्हेगार.

मग प्रश्न उरतो तो कशात? तो आहे जाणाऱ्याच्या मागे काय उरतं, यात.

आमच्या शाखेसमोर एक छोटी पतसंस्था होती. एके दिवशी अफवा उठली की संस्थेत घोळ आहे. सकाळी सातला रांग लागली. रांगेत पुढे कोण होतं? ज्यांना बातमी आधी कळते ते. मास्तर, व्यापारी, ग्रामसेवक. त्यांना पैसे मिळाले. मागे शेतमजूर आणि विधवा बायका. त्यांच्यापाशी रांग पोचेपर्यंत गल्ला रिकामा. घोळ खरं तर थोडा होता, संस्था सावरली असती. रांगेनं तिला बुडवलं. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. बुडण्याची भीती वाटून जे आधी निघतात, ते चुकीचं वागतात असं नाही. पण त्यांचा वाटा मागच्यांच्या खिशातून जातो.

राज्याचंही तसंच. कर्जाला पासपोर्ट नसतो, ते कुठं जात नाही. जाणारा जातो आणि त्याच्या वाट्याचे सत्तर हजार राहणाऱ्यांत वाटले जातात. अमेरिकेतलं डेट्रॉईट शहर बघा. मोटारींची राजधानी. १९५० मध्ये तिथं साडेअठरा लाख माणसं होती. कारखाने हलले, ऐपतीची माणसं उपनगरांत गेली. २०१३ च्या जुलैत शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सात लाखांच्या आसपास उरली होती आणि देणं होतं अठरा अब्ज डॉलरचं. पेन्शन द्यायची ती साडेअठरा लाखांच्या शहराची सेवा केलेल्यांना, कर भरणार सात लाख. शेवटी कात्री पेन्शनलाही लागली. मी स्वतः पेन्शनर. ते वाचून पोटात गोळा आला. महाराष्ट्र म्हणजे डेट्रॉईट नव्हे. इथं तर रोज माणसं येताहेत. पण कोण येतं आणि कोण जातं, हे बघायला हवं. ज्याला हिशेब वाचता येतो, अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्याला प्रश्न विचारता येतो, तो निघतो. आणि येतो तो, ज्याला पोटापुढे प्रश्न विचारायला सवड नसते.

आणि एक कबुली द्यायला हवी. सगळे जाणारे विमानानं जात नाहीत. काही जण कोथरुडात राहूनच निघून गेलेले असतात. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं पुणे महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, प्रशासकांचा कारभार. एवढ्या मोठ्या शहराचा हजारो कोटींचा अर्थसंकल्प लोकांनी निवडलेल्या एकाही माणसाविना मंजूर होत राहिला. त्यावरून कोथरुडातल्या किती घरांत वाद झाला? आमच्या घरात झाला नाही. नळाला पाणी कमी आलं, टँकर मागवला. रस्ता खचला, दुसऱ्या गल्लीनं गेलो. टँकर परवडतो तो माणूस महापालिकेतून मनानं उठून गेलेलाच असतो. यात मीही आलो.

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालला आहे. सोळा सदनिका; सहांचे मालक परदेशात. सभेला ते पडद्यावर हजर असतात. चटई क्षेत्र किती मिळणार, यावर त्यांची मतं ठाम. पाण्याची टाकी कुठं असावी, यावर त्यांचं काही म्हणणं नसतं. स्वाभाविक आहे, पाणी त्यांना भरायचं नाही. त्यांच्यातले एकजण मात्र वेगळे. न्यूजर्सीत राहतात. दरवर्षीचा देखभालखर्च वेळेआधी भरतात, हिशेबाचा ताळेबंद मागवून वाचतात आणि चूक सापडली की चिटणीसांना रात्री फोन करतात. चिटणीस वैतागतात, पण खरं सांगायचं, तर सोसायटीचे हिशेब त्यांच्या धाकानं सरळ आहेत. खालच्या मजल्यावर राहून एकाही सभेला न येणाऱ्या सभासदापेक्षा हा सात समुद्रांपलीकडचा माणूस मला जास्त इथला वाटतो.

आता कुणी विचारील, राहणाऱ्यानं किंवा जाणाऱ्यानं असं करावं तरी काय? राज्याच्या कर्जापुढे एकट्यादुकट्याचं काय चालतं? त्यांना माझ्या पगाराच्या पावतीवरची एक ओळ दाखवतो. 'व्यवसाय कर'. आज तो वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपये कापला जातो, आणि का, हे दहा पगारदारांत एकालाही सांगता येत नाही. १९७२ चा दुष्काळ हे त्याचं मूळ. खडी फोडायला निघालेली माणसं, जगवायची कशी? वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांची. रोजगार हमी योजना सुरू झाली, पण पैसा? १९७५ मध्ये कायदा करून शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर हा कर बसवला. त्यातून जे जमेल, तेवढीच रक्कम सरकारनं आपली घालायची, असं ठरलं. म्हणजे पुण्या-मुंबईच्या कारकुनानं पाटोद्याच्या मजुराला काम दिलं, आणि ते उघडपणे सांगून, कायदा करून. पुढे १९७७ मध्ये हमीचा कायदा मंजूर झाला आणि १९७९ मध्ये अमलात आला. २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा याच वाटेनं गेला. त्या योजनेत खोटे हजेरीपट झाले, मधल्यांनी हात धुऊन घेतले, हे मला ठाऊक आहे. मी त्याच भागात नोकरी केली. पण एक गोष्ट त्या पिढीनं प्रामाणिकपणे केली. देणं कबूल करताना ते कुणाच्या खिशातून जाणार, हे त्याच कागदावर लिहिलं.

लाडक्या बहिणीचा पैसा पाटोद्याच्या त्या बाईला मिळाला, तर मला आनंदच आहे. महिना दीड हजारांनी मुकादमाची उचल थोडी जरी कमी झाली, तरी ती विहीरच ठरेल. माझी तक्रार देण्याबद्दल नाही. देताना कुणी भरायचं, हे न सांगण्याबद्दल आहे. निवडणुकीच्या तोंडावर सगळेच पक्ष आकडे वाढवतात. त्यातला एकही १९७५ सारखी दुसरी ओळ लिहीत नाही. कारण आपण विचारत नाही. मत मागायला दारात येणाऱ्याला तीनच प्रश्न विचारावेत. नव्या योजनेचा पैसा कुठून? या वर्षीच्या कर्जातला किती रुपया विहिरीत जाणार आणि किती मांडवात? थकलेली बिलं किती? यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे प्रश्न सुचतात. सौ. तर मला हे दर महिन्याला विचारते!

आता लेकीला उत्तर. पोरी, काम चांगलं असेल, जावयाला त्यात रस असेल, नातवाला दुनिया दिसणार असेल, तर खुशाल जा. पण राज्य बुडतंय म्हणून जाऊ नकोस. मी कागद पाहिलेत. हे खातं बुडीत नाही. ते वाईट सवयी लागलेल्या चांगल्या ऋणकोचं खातं आहे. अशा ऋणकोला वसुलीची नोटीस लागत नाही. हिशेब विचारणारं माणूस लागतं. आणि गेलीस, तरी खातं बंद करून जाऊ नकोस. बीडच्या त्या बाईजवळ शंभर रुपये नव्हते, पण जाताना ती पुस्तक इथं ठेवून गेली आणि आल्या आल्या व्याज विचारलं. तेवढा हक्क तू ठेव. इथल्या अर्थसंकल्पाची बातमी तिथं बसून वाच, चिडून फोन कर. मी वैतागेन, पण कर.

राहता राहिलो आम्ही दोघं. नवी इमारत झाली की जागा विकून तुमच्याजवळ यावं, असं तू सुचवलंस. त्यावर मी सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही एवढं लिहिलंत, आता जाणार कुठल्या तोंडानं?"

तेव्हा आम्ही इथंच. येत्या शनिवारी सोसायटीची सभा आहे. विषय पाण्याच्या टाकीचा. सात वर्षांत पहिल्यांदाच मी जाणार आहे.